ऐंशी मीटरच्या आतलं दार

ऑफिसात सगळे त्याला पोस्टमन म्हणत. त्याने आयुष्यात एकही पत्र कोणाच्या दारात टाकलं नव्हतं. पण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत पत्त्यांचं खातं त्याच्याकडे होतं, आणि ज्याच्याकडे पत्ते तो पोस्टमन, एवढं गणित लोकांना पुरतं.

खातं म्हणजे तरी काय, एक टेबल, दोन स्क्रीन आणि डावीकडे कलणारी एक खुर्ची. कंपनीच्या छत्तीस गाड्या दिवसभर शहरात फिरत. प्रत्येक गाडीत एक डबी बसवलेली. आपण कुठे आहोत हे ती डबी दर दोन मिनिटांनी कळवायची, पण आकड्यांत. इतके अक्षांश, इतके रेखांश, दशांशचिन्हापुढे सहा-सहा आकडे. आता ज्या माणसाची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लोंबकळते आहे, त्याला अक्षांश सांगून त्याचं समाधान होत नाही. त्याला 'आमची गाडी बँकेच्या कोपऱ्यावर आली' असं सांगावं लागतं. म्हणून ते आकडे एका बाजूने प्रोग्रॅममध्ये जात आणि दुसऱ्या बाजूने पत्ता होऊन बाहेर पडत. पोस्टमनने ते पत्ते तपासायचे, आणि उद्या ग्राहक 'तुमचा माणूस आलाच नव्हता' म्हणाला, तर वेळेसकट त्याच्या तोंडावर मारायचे.

सुरुवातीला गाडी मोकळ्या जागेत उभी असली की प्रोग्रॅम 'पत्ता उपलब्ध नाही' असं प्रामाणिकपणे लिहायचा. मॅनेजरला ते खटकायचं. "आपली गाडी हरवलीय असं वाटतं हो ते वाचून," तो म्हणाला. तेव्हा पोस्टमननेच तोड काढली: ऐंशी मीटरच्या आत जे सगळ्यात जवळचं नोंदलेलं दार असेल, त्याचा पत्ता द्यायचा. मीटिंगमध्ये टाळ्या वाजल्या. सहा वर्षं झाली, पण जेवणानंतर जरा पडलं की त्याला त्या अजून ऐकू येत.

छत्तीसपैकी एकोणिसावी गाडी त्याच्या बायकोची होती. ती कंपनीतली एकुलती एक बाई मेकॅनिक. अडकलेली लिफ्ट उघडायला तिच्याइतका हलका हात कोणाचा नाही, असं सगळे म्हणत. पोस्टमनही म्हणायचा, फक्त जरा हळू.

त्या मंगळवारी एका ग्राहकाचा फोन आला. गृहस्थ तापलेला होता. "तुमचा मेसेज म्हणतोय गाडी न्हाव्याच्या दुकानात आहे! मी काय दाढी करायला बोलावलंय तुम्हाला?"

"साहेब, यंत्र जवळचं दार पकडतं," पोस्टमन अनुभवी शांतपणाने म्हणाला. "पत्ता अंदाजे असतो. त्यावर कधी शंभर टक्के विश्वास ठेवायचा नाही."

फोन ठेवून त्याने सहज खालची ओळ वाचली. गाडी क्रमांक एकोणीस. थांबली एक वाजून दहा मिनिटांनी. निघाली एक पन्नासला. पत्ता: दातांचा दवाखाना, पहिला मजला. पुढे डॉक्टरचं पूर्ण नाव, पदव्यांसकट.

पोस्टमनने त्यावर शंभर टक्के विश्वास ठेवला.

या डॉक्टरशी तिचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. ते मोडलं, आणि दोन वर्षांनी पोस्टमनशी जमलं. सासूबाई अजूनही दाढ ठणकली की जरा लांबच उसासा टाकत, आणि तो उसासा दाढेसाठी नसतो हे जावयाला बरोबर कळायचं. पोस्टमनने डॉक्टरला एकदाच पाहिलं होतं, सतरा वर्षांपूर्वी, कोणाच्या तरी लग्नात. कुरळे, दाट, कपाळावर येणारे केस. स्वतःचे केस ओसरत गेले तसतसे पोस्टमनच्या मनात डॉक्टरचे दाट होत गेले.

त्याने मागचे मंगळवार काढून पाहिले. एक दहा ते एक पन्नास, दातांचा दवाखाना. त्याच्या मागचा. त्याच्याही मागचा. अकरा मंगळवार! मंगळवारी तिच्याकडे त्या भागातल्या चार इमारतींची तपासणी असायची, तेव्हा गाडी त्या रस्त्याला असण्यात नवल नव्हतं. पण चाळीस मिनिटं? एवढ्या वेळात माणसाचे बत्तीसच्या बत्तीस दात मोजून परत जागेवर लावता येतात.

शेजारच्या टेबलावर हजेरीवाली बसायची. सगळ्यांच्या येण्याजाण्याची नोंद तिच्याकडे, त्यामुळे माणसांबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. "काय हो पोस्टमन, तोंड का असं? तार आली का?"

"काही नाही. दात दुखतोय."

"कोणाचा?" असं तिने विचारलं, आणि त्याला ते लागलं. वास्तविक तिला काही माहीत नव्हतं. तिची विचारायची पद्धतच तशी.

संध्याकाळी बायको घरी आली, बूट दाराशी काढले आणि गरम पाण्यात हात बुडवून बसली.

"आज कुठे जेवलीस?" त्याने पेपरच्या आडून विचारलं.

"गाडीत."

"गाडी कुठे होती?"

"रस्त्यावर."

"कुठल्या?"

"अहो, चार चाकं आहेत तिला. झाडावर कशी असेल?"

त्याने पेपरचं पान उलटलं. मग पेपर खाली घेऊन म्हणाला, "तुझे दात बरे आहेत ना?"

तिने पाण्यातून हात काढले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "सतरा वर्षांत पहिल्यांदा विचारलंत. काय झालंय?"

"काही नाही. काळजी."

"मग गुडघ्यांची करा. दुखतात." आणि ती आत गेली.

दात दुखत नाहीत, हे तिच्याच तोंडून कळल्यावर त्याचा संशय पुरता पक्का झाला. त्या आठवड्यात तो जळत राहिला, आणि जळण्याला शिस्त असावी म्हणून त्याने एक तक्ता केला. तारीख, वेळ, मिनिटं, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, तेव्हा त्याने अकरा वेळा 'दवाखाना' असं लिहिलं. शुक्रवारी ती भांडी लावताना गुणगुणली. आजवर हजारदा गुणगुणली असेल, पण या वेळी त्याला ते गाणं दंतवैद्यकीय वाटलं. विचारावं सरळ, असं त्याच्या मनात चारदा आलं. पण विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर? रात्री जेवायला दोन ताटं असतात, ती एक होणार. त्यापुढे त्याचा विचार जात नसे.

शेवटी त्याने डॉक्टरची मंगळवारची, बरोबर एक दहाची वेळ घेतली.

दवाखाना नीटनेटका होता. खाली रस्त्यावर गाडी क्रमांक एकोणीस दिसली नाही. लपवली असणार, त्याने ताडलं. बाहेरच्या बाकावर एक आजी आणि त्यांचा गाल धरून बसलेला नवरा. आतलं दार उघडलं आणि डॉक्टर स्वतः बाहेर आला. पोस्टमन उठता उठता थांबला. डॉक्टरच्या डोक्यावर केस नव्हते. कानांच्या वर थोडेसे होते, पण त्यांनाही राहायची फारशी इच्छा दिसत नव्हती.

"या, बसा. काय त्रास?"

पोस्टमनने खोली पाहून घेतली. पडद्यामागे कोणी नव्हतं. कपाट अरुंद होतं. "दात," तो म्हणाला.

डॉक्टरने आरसा घालून पाहिलं आणि तो हळहळला. "अरेरे. ही खालची दाढ पोखरलीय पूर्ण. कसं सहन केलंत?"

हा खोटा दुखणारा दात खरंच किडका निघेल, हे पोस्टमनच्या हिशेबात नव्हतं. नाही म्हणायला तोंड उघडं होतं, पण त्यात डॉक्टरची बोटं होती. सुई टोचली. ओठ, गाल आणि अर्धी जीभ त्याला सोडून गेली.

"भूल चढू दे दहा मिनिटं," डॉक्टर म्हणाला आणि खुर्चीची पाठ उचलून मागच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. "तुम्हीही बघा. मंगळवारी या वेळेला मी हेच बघतो."

पोस्टमनने मान वळवली. दवाखान्याच्या मागे बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीची मोकळी जागा होती. फाटक विटांनी बुजवलेलं, एका कोपऱ्यात गाडी शिरेल एवढी भिंत पडलेली. त्या जागेला दार नव्हतं, पाटी नव्हती, म्हणजे नोंदही नव्हती. आणि मधोमध उभी होती गाडी क्रमांक एकोणीस. पुढची काच आणि काचेला टेकलेले दोन पाय एवढंच वरून दिसत होतं. जाड करडे मोजे. उजव्या अंगठ्याला भोक. तो मोजा पोस्टमनने काल स्वतः वाळत घातला होता.

"कोणीतरी मेकॅनिक येतो बघा," डॉक्टर सांगू लागला. "बूट काढतो, पाय वर टाकतो, चाळीस मिनिटं काहीही करत नाही. फोन नाही, गाणी नाही. मधूनच तो अंगठा तेवढा हलवतो. इकडे सकाळपासून माझ्या समोर उघडी तोंडं. हेवा वाटतो हो त्या माणसाचा. खरं सांगू? त्या पायांकडे पाहूनच माझा मंगळवार जातो."

पोस्टमनला खुर्चीतून उठून या माणसाचा गळा धरावासा वाटला. सतरा वर्षांत त्याच्या मनात जेवढं साठलं होतं ते सगळं त्या बधिर ओठांपाशी आलं आणि तिथून लाळ होऊन रुमालावर पडलं.

"झोंबतंय का?" डॉक्टरने प्रेमाने विचारलं.

दाढ भरून झाल्यावर तो जिना उतरला, इमारतीला वळसा घालून पडक्या भिंतीवरून आत गेला. गाडीजवळ पोचला तेव्हा एक छत्तीस झाले होते. तिचे डोळे मिटलेले होते. असा सैल, बिनकामाचा, कोणाचाच नसलेला तिचा चेहरा त्याने घरी कधी पाहिला नव्हता. त्याने काच वाजवली. तिने डोळे उघडले, आणि नवरा ओळखू यायच्या आतच तो चेहरा कामावर रुजू झाला.

"काय? कोणाची लिफ्ट अडकली?"

"थुझी खाडी," तो म्हणाला. मग जीभ सावरून पुन्हा, "तुझी गाडी. दवाखान्यात दिसते. दर मंगळवारी."

"कुठल्या दवाखान्यात?"

त्याने वर बोट दाखवलं. तिने वाकून पाहिलं. पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत एक टकलू माणूस हात हलवत होता. तिने ओळखायला वेळ घेतला आणि मग ती इतकी हसली, की तिचे पाय डॅशबोर्डवरून घसरले. "हा? हा इथे असतो? अहो, त्याचे केस कुठे गेले?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं ते कळलं." तिने डोळे पुसले. पुसता पुसता तिचं हसू ओसरलं. "थांबा. दर मंगळवारी म्हणजे? तुम्ही मोजलेत?"

"अकरा," तो म्हणाला. "आज धरून बारा."

"तक्ता केलात?"

त्याने रुमाल तोंडाला लावला. अर्धं तोंड बधिर असल्याची सोय होती.

"आणि त्या बिचाऱ्याकडून दाढही भरून घेतलीत." तिने मान हलवली. "मी इथे काय करते ते विचारा ना."

"काय करतेस?"

"काही नाही. सकाळपासून अडकलेली माणसं सोडवायची, त्यांचं ओरडणं ऐकायचं. घरी आलं की तुम्ही पेपरच्या आडून बघत असता. इथे कोणी बघत नाही, म्हणून येते."

कोणी बघत नाही म्हणताना ती वर बघायची विसरली, आणि पोस्टमनला तिला सांगवेना.

"मीही बसू का जरा?" त्याने विचारलं.

शेजारच्या सीटवर अवजारांची पेटी होती. ती तिने मागे टाकली. तो बसला. दोन मिनिटं तो अगदी गप्प बसला. मग त्याने विचारलं, इथे ऊन येतं का. मग विचारलं, काच थोडी खाली घेऊ का. मग म्हणाला, वखार केव्हा बंद पडली असेल. चौथा प्रश्न विचारण्याआधीच तिने बूट घालायला घेतले. निघायला अजून दहा मिनिटं होती.

"झालं?" तो म्हणाला.

"झालं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर पोस्टमनला बरं वाटलं असतं.

पुढच्या मंगळवारी गाडी क्रमांक एकोणीस जेवायलाही कुठे थांबली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. चार इमारती, चार पत्ते, आणि मध्ये थांबा म्हणून एक मिनिटही नाही. पोस्टमनने तक्ता फाडला. त्याला वाटलं होतं, आता सुटल्यासारखं वाटेल. पण संध्याकाळी ती यायची, पाण्यात हात बुडवायची, आणि मंगळवारीही तिचा चेहरा इतर वारांसारखाच असायचा. एकदा तो म्हणाला, "अगं, जात जा ना तिथे." ती म्हणाली, "कुठे?" आणि खरंच, त्या जागेला काय म्हणायचं ते त्याच्याकडे नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात तो हजेरीवालीकडे गेला. "मंगळवारी दुपारच्या एकोणीस नंबरच्या ओळी तू तपासशील? मी तुझं दुसरं काही करतो."

"का? बायकोच्या गाडीची भीती वाटते?"

"हो," तो म्हणाला. एवढं सरळ उत्तर तिने त्या ऑफिसात कधी ऐकलं नव्हतं. तिने मुकाट्याने ती ओळ आपल्याकडे घेतली. मंगळवारची तुझी ओळ आता माझ्याकडे नाही, एवढंच त्याने संध्याकाळी बायकोला सांगितलं.

चौथ्या मंगळवारी एक वाजून बारा मिनिटांनी हजेरीवालीच्या स्क्रीनवर काहीतरी उमटलं. तिने चष्मा वर केला, वाचलं. दोन मिनिटांनी पुन्हा वाचलं. मग ती हसली. नेहमीचं हसू नव्हे ते. जरा मऊ, स्वतःशीच.

"थांबली?" पोस्टमनने विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून तो सकाळपासून बसला होता.

"थांबली."

"बरीच?"

"बसलीये आरामात."

तिचं टेबल चार हातांवर होतं. मान जरा लांब केली असती तर वाचता आलं असतं. पोस्टमनने आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि तो तीत बसला. खुर्ची डावीकडे, नेमकी तिच्या टेबलाच्या बाजूला, कलली. त्याने दोन्ही पाय जमिनीला रोवून ती सरळ धरली आणि घड्याळाकडे बघत राहिला. जगात आता एक बाई अशी होती, जिला त्याची बायको कुठे बसून अंगठा हलवते आहे हे माहीत होतं, आणि त्याला नव्हतं. त्या हजेरीवालीचा त्याला आयुष्यात कोणाचा वाटला नव्हता इतका मत्सर वाटला.

एक पन्नासला ती म्हणाली, "निघाली हो."

"बरं," पोस्टमन म्हणाला, आणि मग त्याने पाय सोडले.