कोपऱ्यातली चौकट

श्यामकांतच्या नजरेतून चूक सुटत नसे. अंबरनाथच्या एका कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात, त्याची नोकरीच ती होती: दुसऱ्यांनी काढलेले नकाशे तपासायचे. यंत्राच्या एखाद्या भागाचं भोक सूतभर सरकलं असलं, तरी त्याची लाल पेन्सिल नेमकी तिथेच जाऊन टेकायची. प्रत्येक नकाशाच्या उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात एक चौकट असे आणि तिच्यात दोन खाने. एक काढणाऱ्याच्या सहीचा, दुसरा तपासणाऱ्याच्या. दुसऱ्या खान्यात श्यामकांतची सही पडल्याशिवाय कागद पुढे जात नसे. हाताखालचे लोक पाठीमागे म्हणत, देवाने माणूस घडवला तेव्हा तपासायला हा असता, तर आपण सगळे अजून कागदावरच असतो.

असा हा डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस, पण गेलं वर्षभर त्याला घरातलं काही दिसत नव्हतं. गेल्या फाल्गुनात मालिनी, त्याची बायको, तापाने गेली. तो रडला नाही. लोक म्हणाले, धीराचा आहे हो. धीर कसला? आत काही हलतच नव्हतं. आमटीत मीठ नसलं तरी त्याला कळत नसे. नऊ वर्षांची वृंदा समोर बसून जेवायची आणि दोघांच्या मध्ये भांड्यांचाच काय तो आवाज.

वर्षश्राद्धाला त्याची थोरली बहीण बकुळा बदलापूरहून आली. तिने दोन दिवस हे मुकं घर पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी तोंड उघडलं.

"श्याम, पोरीला मी घेऊन जाते. अक्षय्य तृतीयेला येईन न्यायला. इथे तिच्याशी बोलणारं आहे कोण? भिंतीच हव्यात तर त्या माझ्याकडेही आहेत."

"ने," श्यामकांत म्हणाला. कोपऱ्यातलं जुनं स्टूल नेऊ का विचारलं असतं, तरी तो असंच म्हणाला असता.

दाराआड उभ्या वृंदाने ते ऐकलं. तिने हट्ट केला नाही, आदळआपट केली नाही. जायचा दिवस जवळ आला तेव्हा तिने एवढंच सांगितलं, "त्या दिवशी सकाळी अंगणात चैत्रांगण काढायचं. आई काढायची तसं."

चैत्रात गौर महिनाभर माहेरी येते, झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेला जाते. तेवढे दिवस बायका रोज सकाळी तिच्यापुढे रांगोळीने सगळं जग मांडतात. सूर्य, चंद्र, गाय-वासरू, कासव, नाग, मोर, हत्ती, शंख, आरसा, फणी, काही म्हणून बाकी ठेवत नाहीत. मालिनीचं चैत्रांगण बघायला शेजारच्या आळीतल्या बायका यायच्या. श्यामकांतचा त्याच्याशी संबंध इतकाच, की कारखान्याचा भोंगा व्हायच्या आत निघताना त्यावर चाक जाऊ नये म्हणून तो सायकल उचलून धरायचा आणि फाटकाशी खाली ठेवायचा.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी त्याने अंगण सारवून घेतलं आणि मालिनीचा रांगोळीचा डबा काढला. डोंगरातून येणाऱ्या बाईकडून शिरगोळे, म्हणजे रांगोळीचे पांढरे दगड, घेऊन ते मालिनीने स्वतः कुटले होते, वस्त्रगाळ केले होते. डबा अर्धा भरलेला होता. तो उघडतानाही त्याला काही वाटलं नाही. काम होतं, करायचं होतं.

मग त्याने कामाला हात घातला तो आपल्या पद्धतीने. टेप आणली, दोरी आणली, लांब पट्टी आणली. अंगणाचे चौकोन पाडले. दोरी फिरवून सूर्य काढला, तो इतका गोल की खऱ्या सूर्याला लाज वाटावी. हत्ती बॉयलरला चार पाय लावल्यासारखा झाला. गाय काढली तीही पट्टी लावून. पाठ सरळ, पाय सरळ, शेपूटसुद्धा सरळ.

वृंदा बराच वेळ उकिडवी बसून बघत होती.

"आई पट्टी नाही लावायची," ती म्हणाली.

"मग रेघ सरळ कशी येणार?"

"नाही यायची सरळ."

त्याने डबा तिच्याकडे सरकवला. तिने चिमूट भरली आणि गाईच्या पुढे वासरू काढलं. त्याचा एक पाय आखूड झाला, कान मोठे झाले. पण ते वासरू निघालं होतं कुठेतरी आणि मान वळवून मागे बघत होतं. श्यामकांतची नजर त्यावर थांबली. नकाशा असता तर त्याने त्यात चुका काढल्या असत्या. इथे पेन्सिल कुठे टेकवावी ते त्याला कळेना.

पुढचं सगळं तिनेच काढलं. मोर, नाग, आरसा, फणी. तो नुसता बसून राहिला. बसल्या बसल्या हातांना चाळा हवा म्हणून त्याने चिमूट घेतली आणि फाटकाजवळ, उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट आखली. मध्ये उभी रेघ मारून दोन खाने पाडले. मग त्याच्या लक्षात आलं, हे आपण काय करतो आहोत? गौरीपुढे कारखान्याचा नकाशा! तो पुसायला वाकला.

"पुसू नका!" वृंदा ओरडली. "ती असतेच तिथे."

"काय असते?"

"चौकट. आई रोज काढायची. तुमच्या कागदांवर असते ना, तशी." वृंदा आली आणि पहिल्या खान्यात बोट टेकवून म्हणाली, "इथे ती 'मा' लिहायची."

"आणि इथे?"

"ते रिकामं असायचं. ते तुमचं. मी विचारलं की आई हसायची. म्हणायची, साहेबांना सवड झाली की तपासून सही करतील."

श्यामकांत त्या जागेकडे बघत राहिला. नेमका याच कोपऱ्याशी तो रोज सायकल खाली ठेवायचा. इतकी वर्षं, चैत्रातली प्रत्येक सकाळ. दुनियेच्या चुका धरणाऱ्या माणसाला आपल्या पायाशी मांडलेलं दिसलं नव्हतं. त्याला लाज वाटली. आणि लाज वाटते आहे हे कळल्यावर नवलही वाटलं, कारण वर्षभरात त्याला काहीच वाटलं नव्हतं.

वृंदाने पहिल्या खान्यात 'वृं' लिहिलं आणि डबा त्याच्यापुढे धरला.

"करा सही."

"थांब," तो म्हणाला. "अजून तपासलं कुठे आहे?"

तो सूर्यापाशी जाऊन उकिडवा बसला आणि एकेक आकृती बघू लागला. तेवढ्यात भोंगा झाला. तो उठला नाही.

फाटक वाजलं. बकुळा आत आली आणि त्याला पाहून थबकलीच.

"श्याम! भोंगा झाला की रे. आणि पोरीची ट्रंक कुठे आहे?"

"ताई, तिकडून ये. मोर पुसेल."

"अरे, ट्रंक..."

"आत आहे. असू दे आतच." त्याने मान वर केली नाही. "हे सगळं तपासायचं आहे. पुढच्या चैत्रातही लागेल तपासायला. ती इथेच राहू दे."

बकुळाने चपला काढल्या आणि ती पायरीवर बसली.

तो सरकत सरकत वासरापाशी आला होता.

"हे मागे वळून का बघतंय गं?" त्याने वृंदाला विचारलं.

"गाय जागची हलत नाही ना," ती म्हणाली, "म्हणून."

श्यामकांत आपण काढलेल्या गाईकडे बघत राहिला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. मग सही करायच्या आधी त्याने तळहाताने ती गाय पुसून टाकली, डब्यातून चिमूट घेतली आणि पट्टी न लावता ती पुन्हा काढायला बसला.