मेलेल्याच्या नावावर

लॉन्ड्रीवाल्याला सगळी गल्ली कडक म्हणायची, ते तो कपड्यांना लावायचा त्या खळीमुळे. त्याच्या हातची कॉलर अशी उभी राहायची की माणसाला मान खाली घालायची सोय नाही. आतून माणूस मऊ होता, पण ते त्याच्या बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ती जाऊन चार वर्षं झाली होती.

दंगलीनंतर दोन महिन्यांनी सलोखा समितीनं शाळेचा हॉल उघडा टाकला. ज्यानं जे उचललं असेल ते दोन दिवसांत तिथं आणून ठेवायचं, दारात कुणी उभं राहणार नाही, कुणी काही विचारणार नाही. लोक हसले. पण माल आला. शिलाई मशीन आली, पंखे आले, एक अर्धा दरवाजा आला. अर्धा दरवाजा नेऊन तो माणूस काय करणार होता, त्यालाच माहीत. कपड्यांचे तर ढीग लागले, आणि कुठला कुणाचा ते सांगायला कडकला बोलावलं. दोन्ही धर्मांची घरं त्याच्याकडेच कपडे टाकायची, आणि प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात त्याची पक्की शाई असायची. लिहायला-वाचायला बेताचंच, म्हणून ठिपके आणि रेघा. कुठली खूण कुठल्या घराची, ते फक्त त्याच्या डोक्यात.

कपडा उचलायचा, कोपरा बघायचा, हाक मारायची. दुपारपर्यंत दोन्हीकडच्या बायका एकमेकींचे परकर एकमेकींना देत हसायला लागल्या होत्या. मग घड्याळवाल्याचं गाठोडं निघालं.

घड्याळवाला दुसऱ्या धर्माचा, कडकचा तीस वर्षांचा सोबती. दुकानं समोरासमोर. दंगलीच्या पहिल्याच दिवशी त्याचं दुकान फुटलं तेव्हा गिऱ्हाइकांची घड्याळं, भिंग, हत्यारं, सगळं गेलं होतं. ते सगळं एका चादरीत बांधलेलं सापडलं. घड्याळवाला खाली मांडी घालून एकेक घड्याळ कानाला लावत बसला. कडकनं चादरीची घडी घालता घालता सवयीनं कोपरा बघितला आणि घडी अर्धीच राहिली. दोन ठिपके, एक आडवी रेघ. ती त्याच्या जावयाच्या घरची खूण होती.

माल कुणाचा, एवढंच सगळे बघत होते. ज्या कापडात बांधून आणला त्यावर आणणाऱ्याची खूण असेल हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. घड्याळवाल्याच्या मात्र आलं. तीस वर्षं तो कडकचा चेहरा समोरून बघत होता.

त्यानं कडकला मागच्या व्हरांड्यात नेलं.

"मला भांडायचं नाही. समितीला सांगायचं नाही, पोलिसात जायचं नाही," तो म्हणाला. "पण दोन महिने झाले, समोर येईल त्याच्याकडे बघतो आणि वाटतं, हाच असेल. दूधवाला हसला तरी वाटतं हाच. खोटं कशाला बोलू, एकदा तुझ्याकडे बघूनसुद्धा वाटलं. मला एक नाव दे. एक कळलं की बाकीच्यांवर विश्वास टाकायला मी मोकळा झालो."

कडक सांगणार होता. नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण स्वतःची पोर डोळ्यांसमोर आली, सातवा महिना लागलेली, आणि जीभ ऐन वेळी वळली.

"चादर हमालाची आहे," तो म्हणाला. "तो पडला तिथं गाठोडं कुणाला सापडलं असेल, त्यानं आणून ठेवलं."

हमाल पलीकडच्या गल्लीतला, कडकच्याच धर्माचा. दंगलीच्या पहिल्या दिवशी डोक्यात वीट बसून मेला होता. मेलेल्याला काय फरक पडतो, अशी कडकनं मनाची समजूत घातली.

घड्याळवाल्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "मेला बिचारा. सुटलो मी."

आणि खरंच सुटला. दुसऱ्या दिवसापासून दुकानाचं शटर अर्धं नाही, पूर्ण वर गेलं. दूधवाल्याशी थट्टा सुरू झाली.

कडकनं त्याच संध्याकाळी जावयाला गाठलं. जावई म्हणाला, सगळेच नेत होते, मी नसतं नेलं तर दुसऱ्यानं नेलं असतं. परत आणून ठेवलं ना? घाईत पलंगावरची चादर ओढली, खूणबिण कुठं लक्षात राहते. मग हळूच विचारलं, "मामा, तुम्ही काय सांगितलंत मग?" कडकनं सांगितलं. "बरं केलंत. त्याला काय आता," जावई म्हणाला. कडकनं स्वतःशी हेच म्हटलं होतं, पण जावयाच्या तोंडून ऐकताना त्याला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. पोर आत स्वयंपाक करत होती.

एक गोष्ट मात्र कडकनं धरलीच नव्हती. घड्याळवाला भला माणूस होता. त्यानं ती चादर घरीच आपल्या हातानं धुतली, घडी घातली आणि हमालाच्या बायकोकडे घेऊन गेला. माझ्या मनात तुमच्या माणसाबद्दल काही नाही, असं तिला सांगून आला.

दुसऱ्या दिवशी ती लॉन्ड्रीत आली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तिनं चादर इस्त्रीच्या टेबलावर ठेवली.

"भाऊजी, ही आमची नाही. घरात चार चादरी, चारही मीच टाकते, मीच नेते. ही मी जन्मात बघितली नाही. खूण बघा आणि कुणाची ते सांगा."

एवढी सरळ संधी देव पुन्हा देत नाही. कडकनं इस्त्री उभी करून ठेवली. चादर न उलगडताच तो म्हणाला, "त्याचीच आहे वहिनी. तो परस्पर आणून टाकायचा. मी वेगळी खूण दिली होती."

तिनं कोपरा शोधला आणि त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवत राहिली.

"म्हणजे माझ्यापासून लपवून," ती म्हणाली. मग, "तरीच. मी म्हणत होते, आज बाहेर पडू नका. तर म्हणे, हातगाडी कोपऱ्यावर राहिलीय, जाळतील, आत घेऊन येतो. गाडी आणायला नव्हताच गेला. भरायला गेला होता."

दोन महिने हीच गोष्ट ती येईल त्याला अभिमानानं सांगत होती. पोटासाठी गाडी वाचवायला गेला आणि गेला. आता तिनं चादर काखेत मारली आणि बाहेर पडली. जाताना, त्रास दिला, असंही म्हणाली.

त्यानंतर ती रोज सकाळी घड्याळवाल्याचं दुकान झाडायला लागली. तो नको नको म्हणायचा. तिचं एकच, माझ्या माणसानं केलंय ते मला फेडू दे. घड्याळवाल्याची बायको तिच्याकडे जाऊन बसायला लागली, तिच्या लेकीचे केस विंचरायला लागली. समितीच्या सभेत दोघींना व्यासपीठावर बसवलं. अध्यक्ष बोलता बोलता रडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जावयानंही वाजवल्या. कडकला बघावं लागलं. एवढ्या सभा, एवढी भाषणं झाली, पण सगळ्या वस्तीत खरा सलोखा झाला तो एवढाच.

पुढच्या आठवड्यात कडक धुतलेले कपडे घेऊन हमालाच्या बायकोकडे गेला. घड्याळवाला स्टुलावर चढला होता. भिंतीवर जिथं हमालाचा फोटो असायचा, त्याच खिळ्यावर तो एक भिंतीवरचं घड्याळ अडकवत होता. भेट म्हणून आणलेलं, स्वतः दुरुस्त केलेलं. फोटो ट्रंकेवर पालथा पडला होता.

कडकनं विचारण्याआधीच ती म्हणाली, "काढला. पोरगी विचारते, बाबा चोर होते का. रोज कुठलं उत्तर देऊ?"

कडकनं तोंड उघडलं. ती बघत होती. घड्याळवालाही वरून मान वळवून बघत होता, आणि त्याच्या तोंडावर संशयाचा एक कणही नव्हता.

"कडक, सरळ लागलंय का बघ रे," तो म्हणाला.

कडक दोन पावलं मागं सरला.

"डावीकडं थोडं खाली घे," तो म्हणाला.