काटकोनाचा रक्तदाब

“आधी पारा शून्यावर आहे का बघ, मग पेशंटचा हात हातात घे. घाई केलीस तर दोघांवरही अन्याय होईल.”

मोठे डॉक्टर आपल्या लेकीला हे सांगत होते, तेव्हा मी त्यांच्या टेबलावर नवाकोरा बसलो होतो. आज, मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. दंडाला पट्टा गुंडाळतात, रबरी फुगा दाबतात आणि काचेच्या नळीत पारा चढतो ना, तोच मी. कारखान्यात माझी एकेक रेघ तपासली गेली आणि मगच मला बाहेर सोडलं.

मोठे डॉक्टर गेले आणि मी त्यांच्या लेकीच्या, म्हणजे डॉक्टरताईंच्या हाताखाली आलो. दवाखाना उघडला की मला मऊ फडक्यानं पुसायचं, हा त्यांचा नेम. तो कधी चुकला नाही. “याचा शब्द म्हणजे शब्द,” असं त्या म्हणाल्या, की माझा पारा न फुगवताच चढायचा!

त्यांच्या पेशंटांमध्ये एक सुतार होता. ताईंचा शाळेपासूनचा मित्र. त्याचं काम इतकं नेटकं, की सारे त्याला काटकोनच म्हणत.

“काय रे काटकोना, आज काय मोडलं?”

“मी जोडणारा माणूस, डॉक्टरीणबाई. मोडायचं काम तुमच्या इंजेक्शनचं!”

कधी पोटात जळजळ, कधी झोप नाही. एकदा शिडीवरून पडला, एकदा करवतीनं अंगठा कापला. दर वेळी गोळी किंवा पट्टी मिळे, दोघं हसत आणि तो जाई. मात्र त्याचा रक्तदाब मला कोड्यात टाकी. संध्याकाळी आला तर जरा जास्त, सकाळी आला तर एकशे ऐंशीच्या पुढे. सकाळी त्याचा दंड थरथरायचा, त्यासोबत माझा पाराही.

“ताई, याचं डोकं फिरलंय,” कंपाउंडरकाका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. “म्हातारा झाला बिचारा.”

ताईंनी मला स्वतःच्या दंडाला लावून पाहिलं. मी बरोबर होतो. तरीही त्यांनी मला कपाटात, कापसाच्या गुंडाळ्यांमागे ठेवलं. टेबलावर बॅटरीवरचं नवं यंत्र आलं. अंगावर धूळ बसली, त्याचं मला काही वाटलं नाही. खरं बोलून खोटा ठरलो, ते फार लागलं.

मग एका सकाळी काटकोन आला. नवं यंत्र टुणकन वाजलं. एकशे शहाऐंशी. त्यांनी कपाट उघडलं, मला पुसलं आणि त्याच्या दंडाला माझा पट्टा बांधला. मीही तेच सांगितलं.

ताईंनी त्याचं कार्ड काढलं. एरवी त्या शेवटची ओळ तेवढी बघत. आज पहिल्या ओळीपासून वाचत गेल्या. पोट, झोप, शिडी, अंगठा. त्यांनी काकांना बाहेर पाठवलं, दार लावलं आणि खुर्ची त्याच्या शेजारी ओढली. परक्या माणसाला त्या हा प्रश्न सहज विचारत. मित्राला एवढ्या वर्षांत विचारला नव्हता.

“दारू किती घेतोस?”

“कधीमधी. सगळे घेतात तेवढी.”

“सगळ्यांचं राहू दे. काल किती?”

“मोजपट्टी घरी राहिली गं!”

ताई हसल्या नाहीत. “कमी करून बघितलीस?”

“बघितली. चार दिवस. रंधासुद्धा धरता येईना.”

“सकाळी उठल्या उठल्या लागते?”

माझा पट्टा अजून त्याच्या दंडावर होता. उत्तर मला आधी कळलं.

“लागते. थोडी घेतली की हात थांबतात. सकाळी दवाखान्यात यायचं असलं, की घेत नाही. आजही नाही.” तो खाली बघत म्हणाला, “बायकोनंच पाठवलंय. म्हणाली, पोटाचं सांगू नका, खरं सांगा.”

“आणि मी पोटाच्याच गोळ्या देत बसले. चूक माझी आहे. तुला विचारायचा धीर झाला नाही, म्हणून या बिचाऱ्याला दोष दिला.”

“आजपासून बंद! शपथ घेतो.”

“मुळीच नाही!” ताई एवढ्या मोठ्यानं कधी बोलत नसत. “एकदम सोडलीस तर फिट येईल, जिवावर बेतेल. रुग्णालयात, औषधं घेत, डॉक्टरांच्या नजरेखाली सोडायची. हा आजार आहे रे.”

“लोक बेवडा म्हणतील.”

“म्हणू देत. पुढच्या वेळी करवतीनं अंगठा ठेवलाच नाही, तर काय म्हणतील?”

त्यानं आपल्या सुतारकामाच्या कारखान्याची किल्ली टेबलावर ठेवली.

“करवत बंद. उद्या नऊला रुग्णालयात जाऊ. तू येशील ना सोबत?”

“येईन. तोवर हातपाय फारच थरथरायला लागले, भलतंच काही दिसायला लागलं, तर उद्याची वाट बघू नकोस. लगेच फोन कर.”

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांची निगा राखा, पण त्याहून माणसांची राखा. आवडत्या माणसाचा हात थरथरताना दिसला, तर नजर फिरवू नका. प्रेमानं विचारा, मोठ्यांना सांगा, डॉक्टरांकडे न्या. मी फक्त आकडा सांगू शकतो. विचारायला माणूसच लागतो.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला काटकोन दारात उभा होता. एका हातात कपड्यांची पिशवी. दुसरा हात थरथरत होता, पण आज त्यानं तो खिशात लपवला नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या बायकोनं तो धरून ठेवला होता. ताईंनी काकांना दवाखाना सांभाळायला सांगितलं आणि चपला पायात सरकवल्या. कोणी थट्टा केली नाही. तिघं पायऱ्या उतरून रुग्णालयाच्या रस्त्याला लागले.