अच्युतरावांची काळी एक

मेटॅडोर अफजलपूर ओलांडून करजगीच्या रस्त्याला लागली. नरसिंहाच्या मांडीवर वाकळेत गुंडाळलेला कीबोर्ड होता, तो त्यानं तान्ह्या पोरासारखा छातीशी धरला होता. शेजारी त्याचे वडील, अच्युतराव, खिडकीला टेकून गुणगुणत होते. स्वारी भलतीच खुशीत होती. तीच तर सगळी पंचाईत होती.

नरसिंह बिदरला मैलूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचा आणि लग्नसराईत वीरभद्रप्पाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. वाद्य सौदीहून परतलेल्या शेजाऱ्याकडून घेतलेलं, स्टँड म्हणजे घरचं इस्त्रीचं टेबल. पण हात असा गोड की बिदरपासून गुलबर्ग्यापर्यंत लोक नाव काढायचे. यात एक गोम होती, आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती. त्याच्या बोटांना एकच पट्टी येत होती.

पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरायचा आणि तिथूनच गायचं, हा अच्युतरावांचा जन्माचा नेम. त्या पट्टीला म्हणायचं काळी एक. "काळी एक आपली, बाकीच्या लोकांच्या," असं म्हणून त्यांनी मुलाला तेवढंच शिकवलं. आता ऑर्केस्ट्रातले गायक काय अच्युतरावांच्या नेमानं गातात? ज्याची त्याची पट्टी वेगळी. पण कीबोर्डवर एक बटण होतं. ते दाबलं की बोटं काळी एकवरच फिरत राहायची आणि आवाज मात्र पाहिजे तेवढा वर किंवा खाली सरकायचा. नरसिंहाची सगळी कीर्ती त्या बटणावर उभी होती.

इथवर ठीक होतं. खरा घोळ दिवाळीत झाला. अच्युतराव न्यूमोनियातून उठले ते वरचा आवाज घालवूनच. त्यात घरच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलेला, म्हणून गुरुवारच्या भजनाला नरसिंहानं कीबोर्ड काढला. काळी एकला वडिलांचा आवाज फाटला. त्यांचा चेहरा असा उतरला की नरसिंहाला बघवेना. ते पाणी प्यायला आत गेले, तेवढ्यात त्यानं बटण चार वेळा दाबून सूर चार पायऱ्या खाली उतरवला. परत येऊन अच्युतराव गायले आणि गळा मोकळा लागला. त्यांनी मुलाच्या बोटांकडं पाहिलं. बोटं होती तिथंच होती. ताडून बघायला घरात दुसरं वाद्य नव्हतं.

"बघ नरसिंहा," ते म्हणाले, "दुखण्यानं समदं नेलं, पर काळी एक काय नेली न्हाई."

त्याच क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं. नरसिंह नुसता हसला. मग अच्युतरावांनी ही गोष्ट मैलूरच्या प्रत्येक ओट्यावर सांगितली, भाजीवाल्याला सांगितली, डॉक्टरला तर दोनदा सांगितली. शेवटी ती करजगीला त्यांच्या बालमित्राच्या, किशनरावांच्या, कानावर गेली. नातीच्या लग्नात तू गायलाच पाहिजेस, असा किशनरावांचा हट्ट. ऑर्केस्ट्राही वीरभद्रप्पाचाच ठरलेला. आता नकार द्यायला नरसिंहाकडं तोंड उरलं नव्हतं.

त्याला भीती होती ती विजेची. वीज गेली किंवा नुसती दबली तरी कीबोर्ड विझायचा, आणि पुन्हा पेटला की बटणाचं सगळं विसरून मूळ जागी यायचा. गायकांच्या वेळी ते सावरता यायचं. वडिलांच्या वेळी, त्यांच्या डोळ्यांदेखत, कसं सावरणार?

मांडवात पोचल्या पोचल्या त्यानं किशनरावांना गाठलं. "मामा, थ्री-फेज कधी येतंय?"

"येईल की आता. आली की समद्यांच्या मोटारी सुरू. भुईमूग वाळायलाय."

विहिरींवरच्या मोटारी सुरू म्हणजे व्होल्टेज खाली. नरसिंहानं स्टॅबिलायझर दोनदा तपासला, कीबोर्डला वीज देणाऱ्या एलिमिनेटरची वायर तीनदा दाबली.

"मास्तर, रोजचंच हाय की," वीरभद्रप्पा ड्रम जुळवता जुळवता म्हणाला, "आज कामून एवढं घाबरायलाव?"

"कुठं घाबरायलोय," असं म्हणत नरसिंहानं वायर चौथ्यांदा दाबली.

दुपारी अक्षता पडल्या, पंगती बसल्या. दोन-तीन गाणी झाली आणि किशनरावांनी माइक हातात घेतला. माझा मित्र, मरणाच्या दारातून परत आलेला, आणि पट्टी मात्र तीच, वगैरे वगैरे. अच्युतराव धोतर सावरत स्टेजवर चढले. ते बसेपर्यंत नरसिंहानं बटण चार वेळा दाबून घेतलं. देवा, एवढा एक अभंग निघू दे.

पहिली ओळ छान गेली. वाढपी हातात बादल्या घेऊन थांबले. अच्युतरावांनी मान डोलावली आणि दुसऱ्या ओळीला हात घातला. तेवढ्यात मांडवातले दिवे पिवळे पडले, कीबोर्डवरचा लाल ठिपका गेला आणि लगेच परत आला. बोटं पडायची तिथंच पडली. सूर एकदम वर उसळला. अच्युतरावांचा सुरावर विश्वास, तेही त्याच्यामागं वर गेले, आणि आवाज चर्रकन फाटला. पंगतीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

अच्युतरावांनी हात वर केला. भोंगे गाडीच्या बॅटरीवर होते, त्यामुळं त्यांचं बोलणं सगळ्या मांडवानं ऐकलं. "बोटं तर तिथंच हाईत. सूर कामून चढला?"

"मशीन बिघडलं, अप्पा," नरसिंह म्हणाला.

वडिलांचा चेहरा उजळला. "मग मशीन कशाला पाहिजे? किशनराव, मारुतीच्या देवळातली पेटी आणा. पेटीवरची काळी एक काय बिघडायची न्हाई."

पेटी आली. नरसिंह तिच्यापुढं बसला. पेटीला बटण नव्हतं. काळी एक द्यावी तर वडिलांचा गळा भर मांडवात पुन्हा फाटणार, आणि या वेळी दोष द्यायला मशीनही नाही. चार वेळा बटण दाबून जो सूर यायचा ती खालची पांढरी सहा द्यावी तर ते डोळ्यांनी बघणार. शिवाय त्या पट्टीत हात कधी फिरलेलाच नव्हता.

"दे," अच्युतराव म्हणाले.

नरसिंहानं भाता हलवला आणि पांढऱ्या सहावर बोट ठेवलं. हा आवाज त्यांच्या गळ्याच्या चांगल्या ओळखीचा होता, दिवाळीपासून ते दर गुरुवारी त्यातच गात आले होते. अच्युतरावांनी बोटाकडं पाहिलं. मग काळ्या एककडं. मग मुलाकडं. त्यांनी माइकवर तळहात दाबला.

"किती दिवसांपासनं?"

"दिवाळीपासनं."

"मैलूरभर सांगत फिरलो की रे मी."

"व्हय, अप्पा."

"आन् तू सांगू दिलास."

नरसिंहानं बोट पांढऱ्या सहावरून काढलं नाही. भाता थांबला होता. मांडवात कुजबुज सुरू झाली. म्हातारा आता उठून जाईल, याची त्याला खात्री वाटली, आणि ते आपल्याला झेपणार नाही याचीही.

अच्युतरावांनी माइकवरचा हात काढला.

"मंडळी, जरा सांभाळून घ्या," ते म्हणाले. "ही पट्टी माझ्या पोराच्या हाताला नवी हाय." मग थोडं थांबून म्हणाले, "माझ्या गळ्यालाबी."

त्यांनी डोळे मिटले आणि सा लावला. नरसिंहाला समोरच्या पट्ट्या धूसर दिसत होत्या, तरी तो वाजवू लागला. दुसऱ्या ओळीला त्याचं बोट चुकलं, मग पुन्हा चुकलं. अच्युतराव पुढं गेले नाहीत. तोच शब्द परत परत घेत ते तिथंच थांबून राहिले, मुलाला सूर सापडेपर्यंत.