चादरीची घडी

कमलने ओला रुमाल पिळून श्रेयाच्या कपाळावर ठेवला, आणि तेवढ्यात पोरीचे हात चादरीवर चालू लागले. दोन बोटांनी काठ धरायचा, ओढून सारखा करायचा, तळव्याने सपाट करत दुमडायचा. मग पुन्हा तेच. सहा वर्षांच्या नातीचे ते हात कमल बघतच राहिली. तिचा मुलगा राजेश हिंदमाता मार्केटमधल्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायचा, आणि घरी टॉवेलचीसुद्धा तशीच घडी घालायचा.

"बाबा, ही हिरवी नको," श्रेया छताकडे बघत म्हणाली. "ती वरची काढा."

राजेशला जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. सकाळी डबा घेऊन गेला तो दुकानात काउंटरमागेच कोसळला. जाताना ना आईशी दोन शब्द बोलला, ना बायकोशी. त्या राहून गेलेल्या शब्दांची भूक घरात दोघींनाही होती, आणि दोघीही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

सकाळीच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी श्रेयाला तपासलं होतं. फ्लू निघाला. त्याची लस दरवर्षी राजेशच तिला देऊन आणायचा. तो गेल्यापासून ते कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. बाईंनी दोघींना बजावलं होतं, "तापाला घाबरू नका, उतरेल. पण मुलगी काहीबाही बोलायला लागली, माणसं ओळखेनाशी झाली, फिट आली, तर वाट बघत बसायचं नाही. लगेच मोठं हॉस्पिटल गाठायचं. लहान मुलांच्या मेंदूवर जातं हे कधीकधी." कमलने मान डोलावली होती, आणि तिच्या सुनेने, अनुजाने, ते सगळं मोबाइलमध्ये टाइप करून घेतलं होतं. आता अनुजा खाली औषधं आणायला गेली होती. घरात फक्त आजी आणि नात.

आणि आणखी कोणीतरी आहे, असं कमलला वाटलं. वाटलं कसलं, खात्रीच पटली. ती उठली आणि तिने दार लोटून घेतलं. शेजारची शेवंती मध्येच डोकावायला नको.

"श्रेया, बाबा कुठे आहेत गं?"

"हे काय, इथे बसलेत ना."

पोरीने पायथ्याकडे बोट केलं. कमलने तिथली उशी उचलून जागा केली. एरवी ही बाई अंगात येणाऱ्यांची टिंगल करणारी. आज तिच्या तोंडून मालवणी बाहेर पडली, जी ती फक्त लेकाशी बोलायची.

"खंय होतंस रे झिला? जेवलंस काय?"

"हो," श्रेया म्हणाली.

"माझ्यार रागावलंस नाय मा?"

"नाही. पिशवीत घाला."

कमलच्या डोळ्यांना धार लागली. पोर काहीही बोलली तरी ती ते आपल्या प्रश्नाला जुळवून घेत होती, आणि दीड वर्षात तिला इतकं सुख झालं नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं ती विसरली होती, असं मुळीच नाही. शब्द न् शब्द आठवत होता. अजून थोडंसंच बसू, एवढंच तिला वाटत होतं.

"बाबांना म्हणावं, तुझ्या आईला एकदा हाक मार," ती श्रेयाच्या कानाशी म्हणाली.

श्रेयाने मान वळवली. आजीकडे खूप वेळ पाहिलं. मग अगदी अदबीने विचारलं,

"या ताई, काय दाखवू तुम्हाला?"

ज्या आजीच्या कुशीत ती रोज झोपायची तिची त्या डोळ्यांत काही ओळख नव्हती. बुबुळं मध्येच वर सरकत होती. हात मात्र थांबत नव्हते.

पायथ्याच्या मोकळ्या जागेकडे वळून कमल म्हणाली, "जा रे झिला. आता जा. पोरीक सोड."

मग तिने चादरीसकट पोरीला उचललं, कोपराने दार उघडलं आणि शेवंतीला ओरडून हाक मारली. लिफ्टच्या दारात अनुजा समोर आली, हातात औषधांची पिशवी. कमल फक्त "टॅक्सी" एवढंच म्हणाली.

परळच्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टरने श्रेयाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, मान वाकवून पाहिली.

"हे असं कधीपासून?"

"आत्ताच. ना आई?" अनुजा म्हणाली.

"नाही. तू खाली गेलीस ना, तेव्हापासूनच. मी बसून राहिले."

अनुजाने मान वळवून सासूकडे पाहिलं. डॉक्टरचं काम थांबलं नाही.

"हातांची काही हालचाल?"

कमलने रिकाम्या हातांनी करून दाखवलं. काठ धरला, ओढला, सपाट करून दुमडला. अनुजा त्या हातांकडे बघत राहिली, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बोलत कोणाशी होती?"

"तिच्या बाबांशी."

"ते होते खोलीत?"

चितेपुढे उभं असतानाही कमलला हे तोंडाने म्हणावं लागलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "कोणी नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रेयाने डोळे उघडले, "आई, पाणी" म्हणाली, आणि आजीला बघून, घरी कधी जायचं, असं विचारलं. डॉक्टर म्हणाले, अजून लक्ष ठेवावं लागेल, पण धोका टळल्यासारखा वाटतोय. आणखी उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं. कमलने त्यांच्यापुढे हात जोडले. ते खाली घ्यायचं तिला सुचेना.

बाहेर बाकड्यावर दोघी शेजारी बसल्या. अनुजा कालच्या दुपारबद्दल भांडेल, कमलला वाटलं. भांडावं, तिचा हक्कच आहे. अनुजा पदराशी चाळा करत होती.

"आई," ती अगदी हळू म्हणाली, "ते माझ्याबद्दल काही बोलले का?"

तुझीच विचारपूस करत होता गं, हे कमलच्या ओठांवर आलं होतं. सुनेला ते जन्मभर पुरलं असतं. तिने अनुजाकडे पाहिलं. कालची स्वतःचीच तहान तिला तिथे दिसली. पोरीला पुन्हा कधी ताप चढला, तर ही आईसुद्धा दार लोटून घेईल आणि अजून थोडंसं म्हणत बसून राहील.

कमलने सुनेचा हात हातात घेतला.

"तापात बोलत होती पोर, अनुजा," ती म्हणाली. "राजेश नव्हता."