काकांचा निळा बाण

हनुवटीवर तीळ होता म्हणून घरात तिला ठिपकी म्हणत. एकदा ताईचा फोन चुकून स्पीकरवर लागला आणि ऑफिसातही तेच नाव चिकटलं. ऑफिस म्हणजे भाड्याची एक काचेची खोली. मोजकी टेबलं, कुणीच बसत नसलेली एक बीनबॅग आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘आपण एक कुटुंब आहोत’. कंपनी दातांच्या डॉक्टरांच्या वेळा ठरवून देणारं ॲप बनवायची. ते ॲप दिसेल कसं, कुठलं बटण कुठे बसेल, हे ठरवणारी माणसं दोनच, ठिपकी आणि काका.

काका दुसऱ्या गावी असत आणि घरूनच काम करत. बाकीचे सगळे पंचविशीतले, ते एकटे पन्नाशीकडे झुकलेले, म्हणून काका. त्यांचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता. तिकडे नेट धड नाही म्हणून कॅमेरा कायम बंद, आणि मीटिंगमध्ये “हो, होऊन जाईल” यापलीकडे तोंडातून शब्द निघत नसे. पण फाइल उघडली की काका वेगळेच. डिझाइनची फाइल दोघांच्या पडद्यावर एकदमच उघडी असायची. ठिपकीचा माउसचा बाण केशरी, काकांचा निळा, आणि निळ्याच्या शेपटाला इवलंसं नाव लटकलेलं, ‘काका’. तिने कुठे दोन बटणं दाटीवाटीने बसवली की निळा बाण येऊन तिथे घुटमळायचा आणि शेजारी टिपण उमटायचं, ‘अगं, श्वास घेऊ दे की त्यांना.’ फाइलच्या कोपऱ्यात त्यांनी मिशा असलेली एक दाढ काढून ठेवली होती. ठिपकीने तिला टोपी घातली. दुसऱ्या दिवशी दाढेच्या हातात छत्री आली.

संध्याकाळी काका लिहीत, ‘पळ आता, घरचे वाट बघत असतील.’ ठिपकी लिही, ‘हो ना, पळते.’ आणि खोलीवर येई. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. कुलूप तिनेच लावलेलं, तिनेच उघडायचं. ताई रविवारी फोन करायची, तोही मुलांना ओरडता ओरडता.

त्या दिवशी ते दोघं पेशंटला वेळेची आठवण करून देणाऱ्या पानावर काम करत होते. निळा बाण एक चौकोन उचलून उजवीकडे नेत होता. मध्येच थांबला. नेट गेलं असेल, असं ठिपकीला वाटलं. मग बाण नाहीसा झाला, आणि बघता बघता काकांच्या प्रत्येक टिपणावरचं नाव बदललं. ‘काका’च्या जागी ‘माजी सदस्य’. चौकोन अर्ध्या वाटेत तिरका पडून राहिला.

थोड्या वेळाने सगळ्यांना कंपनी काढणाऱ्या फाउंडरची मेल आली. कठीण निर्णय, जड अंतःकरण, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा.

ठिपकी त्याच्या टेबलापाशी गेली. “काकांचा नंबर दे ना.”

“नंबर असा देता येत नाही गं. प्रायव्हसी असते.” तो लॅपटॉपमधून मान वर न काढताच म्हणाला. “तुझ्याकडे नाही का?”

नव्हता. दोन वर्षं रोज दिवसभर एकत्र, आणि तिच्याकडे त्यांचा नंबर नव्हता. चॅट बंद, ऑफिसची मेल बंद. काकांचं खरं आडनावसुद्धा तिला नीट आठवेना.

“त्यांचं काम तू सांभाळशीलच,” फाउंडर म्हणाला. “तू रॉकस्टार आहेस.”

जागेवर येऊन ती फाइल वरखाली करत बसली. तेवढ्यात तिला आठवलं की बायकोच्या केस कापायच्या दुकानाची पाटी काकांनी इथेच, एका रिकाम्या पानावर केली होती, आणि तिचं मत विचारलं होतं. तीच तर म्हणाली होती, नंबर मोठा करा, रस्त्यावरून दिसत नाही. पान अजून होतं. नंबर चांगला ठसठशीत होता.

जिन्यात जाऊन तिने फोन लावला.

“बोला, कधीची वेळ हवी?” बाईंचा आवाज. मागे केस वाळवायचं यंत्र घोंघावत होतं.

“काका आहेत का?”

“कुणाचे काका?”

“ऑफिसमधले. म्हणजे... डिझाइनवाले.”

“अगंबाई, तू ठिपकी का?” यंत्र बंद झालं. “अहो, फोन घ्या. ती मुलगी आहे.”

बराच वेळ नुसतीच खुडबुड ऐकू आली. मग काका म्हणाले, “हं, बोल.”

ठिपकी घाईघाईने म्हणाली, “तो चौकोन तसाच राहिलाय काका. मी हलवला नाही. फाउंडर म्हणत होता...”

“ठिपके, एक ऐकशील?” काका हळूच म्हणाले. “तिथलं काही सांगू नकोस मला. थोडे दिवस तरी. जीव तुटतो.”

“बरं.”

पुढे बोलायला काही उरलंच नाही. तिच्याकडे सांगण्यासारखं जे काही होतं ते सगळं तिथलंच होतं.

“तुझं सांग की,” काका म्हणाले. “घरी कोण कोण असतं तुझ्या? कधी विचारलंच नाही मी. नुसतं पळ, पळ म्हणत राहिलो.”

“मीच असते.”

“आणि वाट बघणारे?”

“कुणी नाही. तुम्ही म्हणायचात, म्हणून मी हो म्हणायचे.”

मग फोन काकूंनी घेतला. “रविवारी ये इकडे. केस कापून देते. नाही म्हणू नकोस, यांना असं तोंड पाडून बसलेलं बघवत नाही मला.”

रविवारी ताईला ‘आज बाहेर आहे’ असा मेसेज करून ठिपकी गाडीत बसली. दुकान एका गल्लीच्या तोंडाशी होतं, मागेच घर. दारात एक बुटका, सावळा, चष्म्याचा माणूस केर भरत होता. दोघंही एकमेकांकडे बघून ओशाळल्यासारखे हसले. काकूंनी तिला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. काका मागच्या स्टुलावर बसले. समोरासमोर बोलणं काही जमेना. आरशात मात्र जमलं. ती आरशातल्या काकांशी बोलली, ते आरशातल्या तिच्याशी. दोन ठिकाणी अर्ज केले होते त्यांनी. एका ठिकाणी मुलाखतीला समोर बसलेली पोरगी त्यांच्या लेकीपेक्षा लहान होती. “तिनेही मला काकाच म्हटलं,” ते म्हणाले, “पण ते काका वेगळं होतं.” काकूंची कात्री क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू लागली.

निघताना काकूंनी पैसे घेतले नाहीत. काका थांब्यापर्यंत आले. गाडी येईपर्यंत दोघंही रस्त्याकडे बघत उभे राहिले.

“फोन करत जा,” काका म्हणाले.

“करेन.”

करेन म्हणाली खरी, पण गाडीत बसल्यावर तिला कळून चुकलं की आपण क्वचितच करू. या माणसाशी तिची तशी ओळखच नव्हती. ओळख होती ती दिवसभर सोबत चालणाऱ्या निळ्या बाणाशी, आणि तो काही फोनवर मिळणार नव्हता. खिडकीच्या काचेला डोकं टेकून ती थोडी रडली. शेजारच्या बाईंनी न विचारताच पाण्याची बाटली पुढे केली. तिने दोन घोट घेतले.

सोमवारी फाउंडर तिच्या टेबलाजवळून जाताना थबकला. “हेअरकट मस्त आहे गं. कुठे केलास?”

“लांब आहे,” ठिपकी म्हणाली, आणि तिने तिरका पडलेला चौकोन सरळ करून जागेवर बसवला.