कावळ्याला काय सांगता!

दारासमोरच्या चपलांवरून त्या सकाळीही भांडण झालं.

मानपाड्याजवळच्या एका सोसायटीत प्रभाकर सर दुसऱ्या मजल्यावर राहत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून पलीकडच्या चाळींतली मुलं त्यांच्या हॉलमध्ये शिकायला येत. जिन्यात चपलांचा ढीग पडे, शेजारी कुरकुरत. सरांची एकुलती मुलगी ऋजुता कल्याणला बँकेत नोकरीला होती. ऑफिसला निघताना तिला आपली सँडल त्या ढिगातून उपसावी लागली आणि ती चिडली.

"बाबा, जगाचा मक्ता घेतलाय का तुम्ही? सोसायटीत बोलणी मला खावी लागतात."

"सँडल उजवीकडे आहे," सर म्हणाले. "चिडलीस की तुला समोरचं दिसत नाही."

स्वयंपाकघरात हेमाताई, तिची आई, हसल्या. तेवढ्यात बारावीतली संचिता वर आली. तिने ओढणी तोंडावर घट्ट धरली होती. ती सुटली तेव्हा दिसलं, डावा डोळा सुजून मिटला होता. ओठ फाटला होता.

"कोणी मारलं?"

"दादाने. पुस्तकं पण जाळली, सर. शीळफाट्याच्या एका गॅरेजवाल्याशी माझं ठरवलंय. परीक्षेला बसायचं नाही म्हणतात."

"तुला बसायचंय?"

"हो. मला नर्सिंगला जायचंय."

"मग संध्याकाळी मी तुझ्या घरी येतो."

जिना उतरणारी ऋजुता परत फिरली. "बाबा, त्यांच्या घरच्या भानगडीत पडू नका. तिला पोलिसांत जाऊ दे."

"पोलिसांतही जाऊ. पण आधी कोणीतरी मोठ्या माणसाने त्या दारात उभं राहायला हवं."

ऋजुता पुन्हा जिना उतरू लागली. तिला उशीर होत होता.

संध्याकाळी सर चाळीत पोहोचले तेव्हा संचिताचे वडील मारुती दारू पिऊन भिंतीला टेकून बसले होते. कंपनीने कामावरून काढल्यापासून त्यांचा दिवस तसाच जाई. आत तिचा भाऊ सुदेश तिचे केस मुठीत धरून तिचं डोकं पत्र्याच्या कपाटावर आपटत होता. प्रत्येक आपटण्यासरशी कपाट वाजत होतं. आणि शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढत होता.

वाचकहो, भिंतीपलीकडचा असा आवाज आपणही ऐकलेला असतो. 'त्यांच्या घरचं आहे' म्हणून आपणही टीव्ही मोठा केलेला असतो.

"सोड तिला!" सर आत शिरले.

"ओ मास्तर, तुमचा काय संबंध? आपल्या घरातला मामला आहे. कल्टी मारा."

"ती माझी विद्यार्थिनी आहे. तिला सोड आणि माझ्याशी बोल."

सुदेश रिक्षा चालवायचा. रिक्षाच्या जॅकचा दांडा दाराशी पडला होता, तो त्याने उचलला. उगारला तो बहिणीवर. सर मध्ये आले आणि दांडा त्यांच्या कानामागे बसला. ते उंबरठ्यावर कोसळले. संचिताची आजी गोदूबाई पदराचा बोळा त्यांच्या डोक्याला दाबून धरत किंचाळत होती, "अरं कुनी तरी या रे! मास्तर मेला रे!" पदर भिजला, लुगडं भिजलं, रक्त थांबेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर गेले. सुदेशला पोलिसांनी अटक केली.

संचिता डोक्याला पट्टी बांधून हॉस्पिटलात आली होती. शवागाराबाहेर ऋजुताने तिला पाहिलं आणि कसलाही विचार न करता तिच्या सुजलेल्या गालावर फाडकन मारली.

"तुझ्यामुळे गेले ते! का आलीस आमच्या घरी?"

संचिता मागे सरली नाही. तिने डोळे मिटून घेतले आणि मान थोडी कलती केली, दुसऱ्या फटक्यासाठी. मार खाण्याची सवय असलेलं माणूस तसंच करतं. ऋजुताने ते पाहिलं आणि पाठ फिरवली.

दहाव्याला सगळे खाडीकाठच्या घाटावर जमले. मुलगा नव्हता म्हणून ऋजुताच विधीला बसली होती. पिंड ठेवले, पण कावळा शिवेना. समोरच्या झाडावर कावळे होते; एकही खाली उतरत नव्हता.

"काहीतरी इच्छा राहिली असेल. बोला कोणीतरी," गुरुजी म्हणाले.

सहदेवकाका, सरांचे धाकटे भाऊ, हात जोडून पुढे झाले. "दादा, वहिनींची काळजी करू नकोस. आम्ही आहोत." कावळे हलले नाहीत. "ऋजुताचं लग्न थाटात लावू, दादा." तरीही नाही. काका मागे येऊन पुटपुटले, "असा वेडेपणा करून जीव घालवला, आता आत्मा घुटमळणारच."

दहा दिवस घरात सगळे हेच बोलत होते आणि ऋजुता ऐकून घेत होती.

तेवढ्यात घाटाच्या पायऱ्यांवरून गोदूबाई धापा टाकत आली. तिच्या दंडावर वळ उठले होते. तिला ओळखताच काका धावून गेले. "तुमच्या नातवाने माणूस मारला आमचा! लाज नाही वाटत?" त्यांनी तिला इतक्या जोरात ढकललं की म्हातारी दगडी पायरीवर आपटली. गुडघा फुटला. ती तशीच उठून बसली.

"मारा. तुमचा बी हक हाय," ती म्हणाली. "पर कावळ्याला काय सांगता! मास्तरची इच्छा झाडावर न्हाई बसली. ती माझ्या घरात कोंडलीया. मारुतीनं पोरीला कुलूप घातलंय, रोज पट्ट्यानं मारतोय. उद्या तिचा पेपर हाय."

"आम्ही काय करणार? पोलिसांत जा."

"जाऊन आले. संध्याकाळी बघतो म्हनले. हिच्या आदी आमच्या घरात कुनी साळंत दुसरी बुकाच्या म्होरं शिकलं न्हाई, बाबा. का? पोरांला अक्कल न्हवती व्हय? 'शीक, म्या हाय' असं म्हननारं मोठं मानूसच न्हवतं! एक मिळालं, ते आमीच मारलं. आता दुसरं कुठनं आनू?"

ऋजुता पाटावरून उठली.

"ताई, विधी अर्धवट सोडता येत नाही!" गुरुजी म्हणाले.

"दर्भाचा कावळा करा, गुरुजी." तिने आईकडे पाहिलं. हेमाताईंनी मान डोलावली. "जा."

ऋजुता आणि गोदूबाईची रिक्षा चाळीपाशी थांबली तेव्हा मारुती दारातच उभे होते, हातात पट्टा. ऋजुता सरळ चालत गेली. पहिला फटका तिच्या मनगटावर बसला, कातडी सोलली. दुसरा खांद्यावर. तिसऱ्याला तिने पट्टाच धरला आणि सोडला नाही.

"तुमच्या मुलाने माझे वडील मारले. आता मला मारायचं असेल तर मारा! पण मी हलणार नाही."

खोल्यांची दारं उघडली. आज टीव्हीचा आवाज कोणी वाढवला नाही. दोन बायका पुढे आल्या, मग एक म्हातारा. पट्ट्यावरची मारुतींची पकड सैल झाली आणि ते मटकन खाली बसले. गोदूबाईने वरवंटा आणला आणि कुलपावर घाव घातले. चौथ्या-पाचव्या घावाला कोयंडा निखळला.

आत संचिता कोपऱ्यात होती. ऋजुताला पाहताच तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले.

ऋजुता दारातच थांबली. मग हळूच जमिनीवर बसली.

"मी मारायला आले नाही गं. त्या दिवशी मारलं तेव्हा तुझ्या दादात आणि माझ्यात काही फरक राहिला नव्हता. बाबा तुझ्यामुळे गेले नाहीत. रोज हा मार ऐकून जे गप्प बसले त्यांच्यामुळे गेले. त्यात मीही होते. मला शिकवणारं माणूस माझ्या घरातच होतं, म्हणून मला वाटायचं, ते सगळ्यांकडे असतं. नसतं! ज्यांच्याकडे नसतं त्यांच्यासाठी आपल्यापैकी कोणीतरी व्हायला हवं. आमच्या घरी चल. उद्या पेपरला मी सोडायला येईन, आणि तू बाहेर येईपर्यंत फाटकाशी उभी राहीन."

संचिताने हात खाली घेतले. ती उठली, भिंत धरत बाहेर आली.

उंबरठ्याच्या दगडात अजून काळसर डाग होता. ऋजुता तिथे थांबली. चाळ पाहत होती, पण ती चाळीशी बोलली नाही.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "तुम्ही इथे आलात, ते बरोबर केलंत!"